जुन्या सीजे-३बी जीपचा मागचा शाफ्ट तुटला: दुसरा भक्कम एक्सल बसवावा की आहे तोच सुधारावा?

बावडाघाट (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९७२ सालची, सीजे-३बी घडणीची महिंद्रा जीप आहे. हरिकेन पेट्रोल इंजिन, तीन गतींचा गिअरबॉक्स आणि हाय-लो असलेला ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलांना जोर वाटणारी गिअरची पेटी) हा सगळा संच मूळचाच आहे. बदल केला आहे तो चाकांत, कारण ६.००-१६ चे टायर काढून मी १५ इंची रिमवर ३१ इंची टायर चढवले आहेत. गाडी रोजच्या वापरात नाही. गगनबावड्याच्या बाजूला आमचे शेत आहे आणि तिथला जांभ्या दगडाचा चढ पावसाळ्यात फोर बाय फोर लावल्याखेरीज चढता येत नाही.

गेल्या महिन्यात याच चढावर, लो गिअरमध्ये असताना, मागचा उजवा शाफ्ट तुटला आणि हब, ड्रम व चाक एकत्रच बाहेर सरकले. वेग नव्हता, म्हणून कोणाला इजा झाली नाही. शाफ्ट हबच्या आत, चावीच्या (हब शाफ्टवर घसरू नये म्हणून बसवलेल्या पोलादी पट्टीच्या) खाचेपाशी तुटला आहे. तुटलेल्या तोंडाचा सुमारे एक तृतीयांश भाग काळपट तपकिरी आहे आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा एकात एक वक्र रेषा दिसतात. उरलेला भाग मात्र राखाडी, चकचकीत आणि दाणेदार आहे.

गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे, की जुन्या शाफ्टच्या मागे लागू नका. कुर्ल्याच्या बाजारातून अलीकडच्या एखाद्या युटिलिटी गाडीचा मागचा एक्सल अख्खा आणू, कमानपाट्यांच्या बैठका वेल्ड करू आणि विषय संपवू. तो एक्सल दिसायला जाडजूड आहे, हे खरे. परंतु मागचा एक्सल बदलला तर पुढच्याचे काय, आणि असा बदल आरटीओच्या दृष्टीने चालतो का, याचे उत्तर तिथे मिळाले नाही. ज्यांनी हे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टेपरबेअरिंग (पुणे)

नमस्कार. आपण तुटलेल्या तोंडाचे वर्णन इतके नेमके केले आहे, की निम्मे उत्तर त्यातच आहे. तपकिरी भाग म्हणजे जुनी चीर. ती खाचेच्या टोकदार कोपऱ्यातून सुरू झाली असणार, वर्षानुवर्षे थोडी थोडी आत सरकत गेली आणि तिच्यात ओल व गंज शिरत राहिला. वक्र रेषा म्हणजे त्या सरकण्याच्या खुणा. चकचकीत दाणेदार भाग त्या दिवशी चढावर एका झटक्यात तुटला. म्हणजे शाफ्ट त्या दिवशीच्या जोराने तुटला असे म्हणण्यापेक्षा तो कधीचा तुटत आला होता, असे म्हणणे योग्य ठरेल. अशी चीर बहुधा नट पुरेसा आवळलेला नसल्यामुळे पडते. या रचनेत हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर, टेपरवर बसतो आणि जोर मुख्यतः त्या टेपरच्या घट्ट पकडीतून जायला हवा. पकड सैल झाली की सगळा भार चावीवर येतो, हब दर वेळी किंचित पुढे-मागे हलतो आणि खाचेचा कोपरा मार खात राहतो.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. आपला मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंग आहे, म्हणजे शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला तो तुटला, की चाकाला धरून ठेवणारे काही उरत नाही. त्यातच या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर (एक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या दांड्यावर) असतो. एक शाफ्ट तुटल्यावर उघडा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटणारी एक्सलमधली गिअररचना) त्या बाजूला मोकळा फिरतो, त्यामुळे टू-व्हीलमध्ये हँडब्रेक ओढूनही गाडी थांबत नाही. फोर बाय फोर लागलेले असेल तर पुढची चाके तेवढी धरतात. ड्रम निघून आला आणि व्हील सिलिंडर उघडा पडला, तर एकाच सर्किटचे ब्रेक ऑइल तिथून वाहून जाते आणि पायाखालचा ब्रेकही जातो. म्हणून या गाडीत शाफ्ट तुटणे हा केवळ खर्चाचा प्रश्न नाही, आणि अधिक भक्कम रचना हवी हा आपला विचार मला पूर्णपणे पटतो.

मात्र भक्कम करायचे काय, हे आधी ठरवले पाहिजे. सीजे-३बीच्या मागे डाना ४४ घडणीचा एक्सल असतो. त्याचे क्राऊन व्हील (पिनियन या छोट्या दातेरी चाकाने फिरणारे एक्सलमधले मोठे चाक) सुमारे साडेआठ इंच व्यासाचे आहे आणि एवढ्या हलक्या गाडीला ते भरपूर आहे. आपल्या इंजिनचा टॉर्क साधारण १५५ न्यूटन-मीटर. पहिला गिअर २.८०, ट्रान्सफर केसचा लो २.४६ आणि क्राऊन-पिनियन ५.३८ असे गुणले तर ३७ पट होते, म्हणजे घर्षणातले नुकसान सोडून दोन्ही एक्सलांना मिळून सुमारे ५,७०० न्यूटन-मीटर. हा जोर क्राऊन-पिनियन सहन करतो. अडते ते शाफ्टच्या टोकापाशी. त्यामुळे माझ्या मते हाउसिंग (एक्सलचे बाहेरचे कवच) तेच ठेवून शाफ्ट बदलावेत, आणि शक्य असेल तर टेपर व चावीची भानगडच काढून फ्लँजसह (चाक बोल्टांनी बसते त्या चकतीसह) एकसंध घडवलेले शाफ्ट घ्यावेत. त्याहून उत्तम म्हणजे फुल-फ्लोटिंग संच. त्यात हब स्वतंत्र स्पिंडलवर, स्वतःच्या बेअरिंगांवर फिरतो आणि शाफ्टला फक्त चाक फिरवायचे काम उरते, त्यामुळे तो तुटला तरी चाक जागेवर राहते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपचा मागचा एक्सल असाच फुल-फ्लोटिंग होता. या जुन्या डाना एक्सलांसाठी दोन्ही प्रकारचे संच अमेरिकेत आजही मिळतात. फक्त नव्या शाफ्टच्या स्प्लाइन (आतल्या टोकावरचे उभे दाते) आपल्या डिफरन्शियलमधल्या साइड गिअरशी जुळतात का, हे मागवण्यापूर्वी पाहावे, कारण जुन्या डाना ४४ मध्ये १०, नंतरच्या जीपमध्ये १९ आणि त्यापुढे ३० स्प्लाइन येतात. स्प्लाइन बदलल्या तर साइड गिअरही बदलावे लागतात.

पिनियन_अँगल (नाशिक)

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. गॅरेजने सुचवलेल्या पर्यायात जी अडचण येणार आहे, ती मात्र स्पष्टपणे मांडतो, कारण ही चूक मी अनेक जीपांत पाहिली आहे.

आपल्या ट्रान्सफर केसमधून मागे जाणारा शाफ्ट गाडीच्या मध्यातून निघत नाही, उजव्या बाजूने निघतो. म्हणूनच या जीपचे पुढचे आणि मागचे दोन्ही डिफरन्शियल उजवीकडे सरकलेले असतात. डिफरन्शियल मध्यभागी असलेला एक्सल खाली लावला, तर प्रोपेलर शाफ्ट वर-खाली तिरका असतोच, तो आडवाही तिरका होतो. मोठ्या गाडीत हे कदाचित खपून जाईल, पण सीजे-३बीचा व्हीलबेस अवघा ८० इंचांचा आहे, मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड आहे आणि आखूड शाफ्टला तेवढ्याच सरकण्याने मोठा कोन पडतो. मग क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचे सांधे) वारंवार जातात, गाडी थरथरते आणि दोष एक्सलवर येतो.

दुसरा मुद्दा गुणोत्तराचा. या गाडीत सेंटर डिफरन्शियल नाही, त्यामुळे फोर बाय फोर लावल्यावर पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. पुढे ५.३८ आणि मागे ४.२७ असेल, तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात, सगळा ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टमध्ये साठतो आणि ओल्या मातीबाहेर आल्याबरोबर काहीतरी तुटते. मागचा एक्सल दुसऱ्या गुणोत्तराचा लावायचा असेल, तर पुढचे क्राऊन-पिनियनही त्याच गुणोत्तराचे बसवावेच लागेल.

गुणोत्तर बदलण्याचा मोह होतो, हे मी समजू शकतो. ३१ इंची टायरवर ५.३८ ला टॉप गिअरमध्ये ३,००० फेऱ्यांना ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेग मिळतो, ४.२७ केले तर तोच १०४ होतो. शिवाय ५.३८ च्या पिनियनला ८ दात असतात, तर ४.२७ च्या पिनियनला ११, म्हणून नंतरचा पिनियन अधिक दणकट असतो. परंतु त्याच बदलाने आपला ३७ पट चढ-गिअर २९ वर येतो, आणि जांभ्या दगडाच्या चढावर क्लच जाळत बसावे लागते. शेतासाठीच गाडी असेल, तर ५.३८ ला हात लावू नये.

पाट्यांचेही लक्षात घ्यावे. आपल्या जीपमध्ये कमानपाटे एक्सलच्या खाली बसतात, तर अलीकडच्या बहुतेक युटिलिटी गाड्यांत ते एक्सलच्या वर असतात. त्यामुळे आणलेल्या एक्सलच्या बैठका कापून दुसऱ्या बाजूला, वेगळ्या अंतरावर वेल्ड कराव्या लागतात, आणि हाउसिंगच्या नळीवर बेताल वेल्डिंग झाले की नळी वाकते व ऑइल सील टिकत नाहीत.

रुंदट्रॅक (सातारा)

मला थोडा वेगळा विचार मांडावासा वाटतो. केवळ मागचा एक्सल बदलू नये, हे मान्यच आहे. परंतु पुढेमागे डिझेल इंजिन टाकण्याचा किंवा लॉकर (एक्सलची दोन्ही चाके एकत्र जखडणारी यंत्रणा) बसवण्याचा विचार असेल, तर ज्या जुन्या गाडीचे भाग काढायचे अशा एकाच गाडीचे पुढचे आणि मागचे, दोन्ही रुंद ट्रॅकचे (डाव्या-उजव्या चाकांत जास्त अंतर असलेले) एक्सल घ्यावेत. या जीपचा मूळ ट्रॅक सुमारे साडेअठ्ठेचाळीस इंचांचा, म्हणजे फारच अरुंद आहे आणि आडव्या उतारावर ते जाणवते. पुढचा डाना २५ एक्सल स्टेअरिंग पूर्ण वळवून जोर दिल्यास आतल्या जॉइंटपाशी कमकुवत ठरतो, आणि मूळ ९ इंची ड्रम ३१ इंची टायरला अपुरे आहेत. ११ इंची ड्रम असलेला जोड-संच घेतला, तर तिन्ही प्रश्न एकदम सुटतात.

लॉकरचे विशेष सांगतो. उघडा डिफरन्शियल दोन्ही शाफ्टना सारखाच जोर देतो, त्यामुळे एक चाक हवेत गेले की दुसऱ्याला मिळणारा जोरही कमी होतो. लॉकर लागला, की एक्सलचा सगळा जोर जमिनीवर असलेल्या एकट्या चाकाकडे, म्हणजे एकाच शाफ्टकडे जाऊ शकतो. आज पुरेसा वाटणारा शाफ्ट तेव्हा पुरणार नाही.

जोड-संच निवडताना डिफरन्शियल ट्रान्सफर केसच्याच बाजूला आहेत का, दोन्हींचे गुणोत्तर एक आहे का आणि पाच बोल्टांचा १३९.७ मिलिमीटरचा वर्तुळ-व्यास जुळतो का, हे स्वतः मोजावे. विकणाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये. मंडी डबवालीकडून (जुन्या जीपा बांधून देणाऱ्या हरियाणातल्या गावाकडून) बांधून आलेल्या अनेक जीपांत पुढचा एक्सल एका गाडीचा आणि मागचा दुसऱ्याच गाडीचा असतो.

बावडाघाट

सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे मागचा डिफरन्शियल उघडून दात मोजले. क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ आहेत, म्हणजे ५.३८. शाफ्टवर १० स्प्लाइन आहेत. पुढची दोन्ही चाके उचलून, सोबत एक-एक फेरा फिरवून पाहिले, तेव्हा प्रोपेलर शाफ्ट साडेपाच फेऱ्यांपेक्षा किंचित कमी फिरला, म्हणजे पुढचे गुणोत्तरही तेच असावे.

डावा शाफ्ट वरवर पाहता धड होता. तरीही तो स्वच्छ करून डाय पेनेट्रंट (बारीक चीर दाखवणारा रंग) लावले, तेव्हा चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून नखाएवढी तांबडी रेघ उमटली. तोही बाद करत आहे. डिझेल इंजिन किंवा लॉकर टाकण्याचा विचार नाही, त्यामुळे हाउसिंग तेच ठेवतो. फुल-फ्लोटिंग संच मागवायचे ठरवले आहे, पण तो येईपर्यंत शेताची कामे अडतात. तोवर शिरोली एमआयडीसीत मूळ नमुन्याचे दोन शाफ्ट घडवून घेतले तर चालतील का?

टेपरबेअरिंग

चालतील, पण कारखानदाराला केवळ जुना शाफ्ट नमुना म्हणून देऊन भागणार नाही. ईएन २४ पोलाद घ्यावे, स्प्लाइन पाडल्यावर योग्य उष्णता-प्रक्रिया करून घ्यावी आणि त्यानंतर टेपर व बेअरिंगची बैठक ग्राइंड करून घ्यावी. चावीच्या खाचेचे तळाचे कोपरे काटकोनी न ठेवता किंचित गोल ठेवायला आवर्जून सांगावे, कारण चीर तिथूनच सुरू होते. जिथे जागा आहे तिथे जाडी कमी करू नये. शाफ्टची पिळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर ताकद तेहेतीस टक्क्यांनी वाढते, आणि घासून तेवढाच कमी झाला तर सत्तावीस टक्क्यांनी घटते.

जुना हब पुन्हा वापरण्यापूर्वी टेपरला निळा रंग लावून तो कुठे कुठे टेकतो, ते पाहावे. ज्या हबने शाफ्ट खाल्ला, त्याचा टेपरही बहुधा बिघडलेला असतो, आणि तसे असेल तर हबही बदलावा.

पिनियन_अँगल

आरटीओचा मुद्दा राहिला होता. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तुटलेल्या शाफ्टच्या जागी मूळ नमुन्याचा शाफ्ट ही दुरुस्ती आहे. ट्रॅकची रुंदी बदलणारा जोड-संच मात्र वेगळा विषय आहे. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणीतून नूतनीकृत करावी लागते, तेव्हा तो डोळ्यांवर येतो. फुल-फ्लोटिंग संच मागवण्यापूर्वी त्याचीही आरटीओकडे लेखी विचारणा करून ठेवावी.

बसवताना टेपर पूर्ण कोरडा आणि स्वच्छ ठेवावा, त्यावर ग्रीस किंवा ऑइलचा थेंबही नको. हाउसिंगच्या तोंडाशी बॅकप्लेटमागे शिमा (पातळ चकत्या) घालून बेअरिंगचा प्ले जुळवावा. मग नट टॉर्क रेंचने किमान २०० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा आणि कॉटर पिनचे भोक जुळत नसेल तर नट आणखी पुढे न्यावा, कधीही मागे घेऊ नये. थोडी गाडी चालवून झाल्यावर दोन्ही नट पुन्हा तपासावेत, आणि त्यानंतरच त्या चढावर जावे.