याशिका-मॅटची सिंक केबल: कॅमेऱ्याकडची पिन घरी जोडता येते का?

टीएलआर_आर्वी:
जुनी याशिका-मॅट (दोन लेन्सचा फिल्म कॅमेरा) आणि विवितार 283 फ्लॅश आहे. शटरसोबत फ्लॅश उडवणाऱ्या सिंक केबलनं दोन्ही जोडतो. कॅमेऱ्याकडची पिन हलवली तर फ्लॅश उडतो, नाही तर नाही. केबलचं वरचं रबरही चिकट झालंय. नवी केबल वर्ध्यात मिळून नाही राहिली, नागपूरचे दुकानदार जुना माल येत नाही म्हणतात. तीच पिन काढून नव्या वायरला जोडता येईल का? वायर कोणती घेऊ?

सोल्डर_दर्यापूर:
येते भाऊ. फ्लॅशकडचं टोक मात्र कापू नका, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. जुन्या केबलचा 10 सेंटिमीटर तुकडा त्या टोकाला राहू द्या आणि नवी वायर तिथं जोडा.

आधी मल्टिमीटर कंटिन्यूटीवर (तार अखंड असली की बीप वाजते ती सेटिंग) ठेवून पिनेच्या मानेपाशी केबल वाकवून बघा. बीप तिथंच तुटतो, बहुधा पहिल्या 2 सेंटिमीटरमध्ये. वायर आरजी-174 (बारीक कोअॅक्सियल केबल) घ्या: 2.8 मिमी जाड, गाभ्यात 7 बारीक तारा, भोवती जाळी. डिशची केबल नको. तिचा गाभा एकसंध असतो, ताठपणामुळे सगळा जोर सॉकेटवर येतो.

पिनेवरचं ओतीव रबर ब्लेडनं उभं चिरा. आत दोन जोड दिसतील, मधल्या पिनेचा आणि बाहेरच्या नळीचा. गाभा पिनेला, जाळी नळीला. उलटं करू नका: बऱ्याच कॅमेऱ्यांत नळी बॉडीशी जोडलेली असते, प्लस बॉडीवर आला तर हाताला झटका बसू शकतो.

हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारं प्लास्टिकचं वेष्टन) सोल्डर करण्याआधीच वायरवर ओवून घ्या, नंतर जात नाही. दोन्ही बाजूंना आधी वेगवेगळं टिन (सोल्डरचा पातळ थर) लावा. 25 वॅटचं आयर्न, 60/40 सोल्डर, टोक 2 सेकंदांच्या वर टेकवायचं नाही, नळीभोवती ओला कापूस. पिन आणि नळीमधला प्लास्टिकचा वेढा लगेच विरघळतो आणि पिन तिरकी होऊन शॉर्ट होते. मग केबल लावताच फ्लॅश एकदा उडतो, नंतर रेडी दिवा लागूनही उडत नाही.

हिरवट तार सोल्डर पकडत नाही, लालसर तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा. शेवटी मानेवर हीट श्रिंकचा 3 सेंटिमीटर दुहेरी थर द्या. हा थर नसेल तर केबल परत तिथंच तुटते.

फिल्म_वणी:
दादांनी जोडणी नीट सांगितली. तपासणी अशी करा: पिन ते गाभ्याचं दुसरं टोक 1 ओहमच्या आत, पिन आणि नळीमध्ये काहीच जोड नाही.

283 च्या जुन्या जपानी मालाचा ट्रिगर व्होल्टेज (फ्लॅश सिंक केबलवर देतो तो) 200 व्होल्टच्या वर भरू शकतो. फ्लॅश चार्ज करून मीटर डीसी 1000 व्होल्टवर ठेवा आणि केबलच्या पिन-नळीवर मोजा. याशिका-मॅटचा संपर्क यांत्रिक आहे, तिला चालतं. तोच फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर लावू नका.

कॅमेऱ्यावरचा सिंकचा खटका एक्सवर (इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी) ठेवा. एम हा जुन्या, एकदाच जळणाऱ्या फ्लॅश-बल्बसाठी आहे, तो फ्लॅशला शटर उघडण्याच्या सुमारे 16 ते 20 मिलिसेकंद आधीच उडवतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तोवर विझलेला असतो, फ्रेम कोरी येते. फिल्म न घालता मागचं झाकण उघडा, 1/60 वर पांढऱ्या भिंतीकडे बघत शटर दाबा. लेन्समधून उजेडाचा पूर्ण गोल दिसला की काम झालं.

टीएलआर_आर्वी:
पिन सॉकेटमधून सैल होऊन गळतेही. आणि घरी जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरची गुंडाळी केबल आहे, ती चालेल का?

सोल्डर_दर्यापूर:
सैल असेल तर नळी चपटी झाली असेल. सुईचा दांडा आत घालून अगदी हळू गोल करा, दर वेळी लावून बघा. मधल्या पिनेला पक्कड लावू नका.

गुंडाळी केबल चालते, पण आत दोऱ्यावर गुंडाळलेली तांब्याची पत्ती असते, आयर्नखाली दोरा जळतो. त्यावर बारीक उघड्या तारेचे 4-5 वेढे द्या आणि वेढ्यांवरच झटकन सोल्डर करा.