ओपनडब्ल्यूआरटी १९.०७ वरून २३.०५: ‘इमेज व्हर्जन मिसमॅच’ म्हणजे फाइल चुकीची का?

नमस्कार मंडळी. म्हापशाला घरी डी-लिंक डीआयआर-८६०एल राउटर आहे, खालच्या स्टिकरवर हार्डवेअर बी१. (डी-लिंक इंडियाचं नोंदणीकृत कार्यालय इथंच गोव्यात वेर्ण्याला आहे, पण कंपनीचं सॉफ्टवेअर काढून ओपनडब्ल्यूआरटी घातल्यावर त्यांना काय विचारणार!) त्याची १९.०७ आवृत्ती बरीच वर्षं निमूट चालतेय. आता २३.०५ ची सिसअपग्रेड (म्हणजे नवी आवृत्ती चढवायची) फाइल उतरवली आणि आधी नुसती चाचणी म्हणून कॅपिटल टी लावून कमांड चालवली, तर हे आलं: ‘डिव्हाइस नॉट सपोर्टेड’, आणि खाली ‘इमेज व्हर्जन मिसमॅच: इमेज १.१, डिव्हाइस १.०’, शिवाय सेटिंग पुसून फोर्स (तपासणी डावलून जबरदस्तीनं अपग्रेड) करा अशी सूचना. गंमत म्हणजे सपोर्टेड म्हणून जे नाव दाखवतं ते माझ्याच राउटरचं! फोर्स करू का? चवथ तोंडावर आहे, घर पाहुण्यांनी भरणार, नेट गेलं तर माझी खैर नाही.

प्रतिसाद:
फाइल बरोबर दिसतेय, अडचण जुन्या सेटिंगची आहे. तुमच्या राउटरची एमटी७६२१ चिप २१.०२ पासून स्विचकॉन्फिग सोडून डीएसएवर गेली, म्हणजे नेटवर्क पोर्ट हाताळायची पद्धतच बदलली. जुन्यात वॅन (बाहेरच्या इंटरनेटची जोडणी) म्हणजे ‘ईटीएच०.२’, नव्यात सरळ ‘वॅन’, आणि लॅनची (घरातल्या केबलची) भोकं ‘लॅन१’ ते ‘लॅन४’. जुनं कॉन्फिग तसंच पुढे गेलं तर नेटवर्क भलतंच जुळेल, म्हणून मुद्दाम अडवलंय.

पण फोर्स सगळ्याच तपासण्या बाजूला सारतो, तेव्हा त्या आधी हातानं करा. ‘युबस कॉल सिस्टिम बोर्ड’ ही कमांड चालवून त्यातलं बोर्डचं नाव बघा, फाइलचा शा२५६ (फाइल तीच आहे हे पटवणारा आकडा) डाउनलोड पानावरच्याशी ताडून पाहा. याच मॉडेलच्या ए१ हार्डवेअरमध्ये ब्रॉडकॉमची चिप आहे, तिची फाइल वेगळी. मॉडेलचं नाव सारखं म्हणून फसू नका. दोन्ही जुळलं तरच फोर्ससोबत ‘एन’ लावा, म्हणजे सेटिंग पुसली जाईल. बॅकअप घ्या, पण तो परत चढवू नका. फाइल उघडून पीपीपीओईचं (नेट कंपनीच्या लॉगिनचं) नाव-पासवर्ड आणि कंपनीनं व्हीएलएएन क्रमांक दिला असेल तर तो आकडा तेवढा टिपून घ्या. नंतर वायफाय बंदच असतं, तेव्हा केबल लावून १९२.१६८.१.१ वर जा. आणि पावसात वीज जाते, राउटर इन्व्हर्टरवर असू दे.

मूळ प्रश्नकर्ता:
आभारी आहे. बोर्ड ‘डीलिंक,डीआयआर-८६०एल-बी१’, शा२५६ ही जुळला. चवथ सरल्यावरच करीन. एकच शंका, फायरवॉलमध्ये आयपीटेबल्सचे (फायरवॉलच्या जुन्या पद्धतीत लिहिलेले) माझे स्वतःचे काही नियम आहेत, ते तसेच टाकले तर चालतील?

प्रतिसाद:
नाही. २२.०३ पासून फायरवॉल४ आहे, तो आयपीटेबल्सऐवजी एनएफटेबल्स या नव्या पद्धतीवर चालतो. नुसते पोर्ट फॉरवर्ड असतील तर लुसीतून (राउटरच्या वेब पानातून) पुन्हा भरा. बाकीचे नियम इथं टाका, एकेक बघून बदलू.