थिंगवेल्लिरची घळ: दोन खंडांवर दोन पाय ठेवता येतात का?

मुलुंडकर:
ऑक्टोबरअखेरीस आईबाबांना घेऊन आइसलँडला जाण्याचा बेत आहे. थिंगवेल्लिर येथील अल्मान्नाग्याउ या घळीत एक पाय अमेरिकेत आणि दुसरा युरोपात ठेवून छायाचित्र काढता येते, असे सहल कंपनीच्या माहितीपत्रकात छापले आहे. यात तथ्य किती? आईचे गुडघे दुखतात, तिला तेथे चालणे झेपेल का?

बसाल्टप्रेमी:
छायाचित्र जरूर काढावे, मात्र त्याखाली तसे लिहू नये. अल्मान्नाग्याउचा पश्चिमेकडील उंच कडा ही उत्तर अमेरिकी भूपट्टाची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याची, कड मानली जाते. परंतु समोरची कड काही किलोमीटर पूर्वेला ह्राप्नाग्याउच्या बाजूस आहे, आणि या दोहोंमधला सगळा पट्टा म्हणजे खचदरी. म्हणजे तिथे आपण दोन खंडांवर नव्हे, तर त्यांच्या ओढाताणीत खाली बसलेल्या जमिनीवर उभे असतो. गेल्या सुमारे 10,000 वर्षांत हा तळ जवळपास 40 मीटर खचला आणि दरी सुमारे 70 मीटरने रुंदावली. हे दरवर्षी सारख्या मापाने घडत नाही. ताण साठत जातो आणि मग एकदम सुटतो. 1789 च्या भूकंपांत काही दिवसांतच तळ मीटरभराहून अधिक खाली गेला. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना तिथला काळा दगड ओळखीचा वाटेल, कारण तोही बसाल्टच आहे. फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांचा आणि तो कालपरवाचा. लाव्हा थिजताना पडलेल्या दोरीसारख्या वळ्या तिथे अजून बोटांनी चाचपता येतात.

उत्तरायण:
वरील उत्तरात एक भर घालतो. इ.स. 930 पासून आइसलँडची लोकसभा, म्हणजे अल्थिंग, याच कड्याच्या पायथ्याशी भरत असे, आणि 1798 पर्यंत ती तिथेच भरत राहिली. 2004 साली या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तोही प्रामुख्याने या इतिहासामुळे. तिथल्याच सिल्फ्रा या पाण्याने भरलेल्या भेगेत लोक पोहायला उतरतात. तिचे पाणी मात्र 2 ते 4 अंश सेल्सिअस असते, त्यामुळे बहुतेक जण आत पाणी न शिरू देणारा खास पोशाख घालून आणि वाटाड्यासोबतच उतरतात. पोहता येत नसेल, तर काठावरून पाहावे. हिमनदीचे पाणी लाव्ह्यातून वर्षानुवर्षे झिरपून आल्यामुळे तळाचा दगडन् दगड दिसतो.

दोनदा जाऊन आलेली:
माझ्या सासूबाईंचे गुडघेही असेच आहेत. हाकी येथील सज्जापर्यंत गाडीतून उतरून थोडेच चालावे लागते, आणि सगळी दरी तिथूनच नजरेत येते. तिथून घळीतून खाली जाणारी वाट उताराची आहे, पण रुंद आणि बांधलेली आहे. चढून परत येण्याऐवजी चालकाला खालच्या वाहनतळावर थांबायला सांगावे; आम्ही तसेच केले. त्या दिवसांत सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या आत मावळतो, म्हणून रेक्याविकहून निघण्याची वेळ त्या हिशेबाने ठरवा. आणि आईंच्या बुटांचे तळवे आधी तपासा, ओल्या फळ्यांवर पाय सटकतो.