टर्मिनलमधून कॉपी केलेलं कंट्रोल व्ही ने पेस्टच होत नाही

रावेरकर_भाऊ:
रामराम मंडळी. आमचं केळीच्या गाड्या भरायचं काम आहे, रोज संध्याकाळी नवती, कांदेबाग, वापसी अशा केळीच्या तिन्ही प्रकारांचे भाव एका फाईलीत लिहितो आणि तिथून व्हॉट्सअ‍ॅप वेबवर ग्रुपला टाकतो. माउसने ओढत बसायचा कंटाळा आला म्हणून उबंटू लिनक्सवर एक्सक्लिप टाकलं, टर्मिनलमधूनच मजकूर कॉपी करायचं टूल. कॅट, फाईलचं नाव, पाइप, एक्सक्लिप, एंटर. एरर काहीच नाही. पण कंट्रोल व्ही केलं की दुपारी कॉपी केलेला ड्रायव्हरचा नंबरच येतो, काल न बघता तोच पाठवला तर लोक विचारतात हा नवतीचा भाव आहे का भो 😅

तापीकाठ:
माल पोचलाय भाऊ, फक्त दुसऱ्या गोदामात. एक्स इलेव्हनमधे, म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेत, कॉपीच्या मुख्य दोन जागा असतात, एक प्रायमरी, म्हणजे माउसने नुसतं सिलेक्ट केलं की भरते आणि चाक दाबलं की पेस्ट होते, आणि दुसरी कंट्रोल सी, कंट्रोल व्ही वाली. एक्सक्लिपला काही सांगितलं नाही तर ते पहिलीत टाकतं. कमांडच्या शेवटी हायफन सिलेक्शन क्लिपबोर्ड लाव. एक्सक्लिपऐवजी तसंच दुसरं टूल एक्ससेल असेल तर हायफन बी. रोज एवढं कोण लिहिणार, बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंग फाईलीत अलियास, म्हणजे कमांडचं छोटं टोपणनाव, करून टाक.

धुळेकर_बॅश:
गोदाम नको म्हणू रे, गोदाम नसतंच तिथे. घड बागेतच राहतो, गिऱ्हाईक आलं की मालक कापून देतो, तसं ज्या प्रोग्रामने कॉपी केलं त्याच्याकडेच मजकूर असतो. म्हणून तर एक्सक्लिप काम संपल्यावरही मागे गुपचूप चालू राहतं, दुसऱ्या कुणी कॉपी करेपर्यंत.
आणि भाऊ, उबंटू नवीन असेल तर एक्स इलेव्हनच्या जागी नवी यंत्रणा वेलँड असू शकतं, मग डब्ल्यूएल-क्लिपबोर्ड पॅकेज टाका, त्यातलं डब्ल्यूएल-कॉपी सरळ कंट्रोल व्ही वाल्यातच टाकतं.
अजून एक, फाईलीऐवजी एको कमांडने मजकूर लिहून कॉपी करणार असाल तर हायफन एन लावा, नाहीतर शेवटी नवी ओळ चिकटते. मी एकदा अशीच कमांड सर्व्हरच्या टर्मिनलमधे पेस्ट केली, वाचायच्या आधीच चालून गेली, पुढचं विचारू नका.

रावेरकर_भाऊ:
चाक दाबलं तर खरंच भाव आले! हायफन सिलेक्शन लावून पण झालं, भारी शे भो. आता पोराच्या विंडोज लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) आहे, तिथे विंडोजच्या कॉपी कमांडला, क्लिप डॉट ईएक्सई ला पाइप केलं तर आकडे नीट येतात पण ‘नवती’ च्या जागी नुसता कचरा.

धुळेकर_बॅश:
लिनक्स अक्षरं यूटीएफ-एट या पद्धतीने साठवतं, ते क्लिपला समजत नाही. मधे ही पद्धत बदलणारी आयकॉन्व्ह कमांड घाला, हायफन टी यूटीएफ-सिक्स्टीन-एलई, आणि मग क्लिप. मराठी नीट येईल.

तापीकाठ:
आणि पाठवायच्या आधी एकदा वाचत जा भाऊ, तो ड्रायव्हर वैतागला असेल 😄