विषय: रविवारची भूकंपाची ड्रिल, कोण कोण जाणार?

नमस्कार मंडळी,
आम्ही टोकियोत निशी-कासाईत नवीनच आलोय. काल जिचिकाईचे, म्हणजे इथल्या रहिवासी मंडळाचे, एक आजोबा दारावर कागद देऊन गेले, रविवारी शाळेच्या ग्राउंडवर बोसाइ कुनरेन (आपत्तीची ड्रिल) आहे म्हणून. मंडळाचं मेंबर व्हावंच लागतं का? आणि माझं जपानी 'दाइजोबु'च्या (ठीक आहे) पुढे जात नाही, तिथे जाऊन करू काय? त्यात गणपतीची तयारी पण त्याच दिवशी.
– ३ नंबर बिल्डिंग

---

सक्ती अजिबात नाही. महिन्याचे दोन-तीनशे येन घेतात, मग काइरानबान, म्हणजे घरोघरी फिरणारा सूचनांचा फोल्डर, येतो, सही करून पुढच्या दारी सरकवायचा, झालं. माझं विचाराल तर नका जाऊ. आठवडाभर ओतेमाचीतल्या ऑफिसात मरतो आपण, एक रविवार मिळतो. आणि गेल्या वर्षी ह्याच लोकांनी आरतीच्या आवाजाची तक्रार केली, तेव्हा कुठे गेला होता शेजारधर्म? भूकंप आला की फोन बोंबलतोच.
– ५ नंबर

---

अरे बाबा, फोन बोंबलेल पण पाणी वर कोण नेणार? २०११ च्या ११ मार्चला मी इथेच होतो, ट्रेन बंद, लोक ऑफिसातून चालत घरी. जोराचा धक्का बसला की लिफ्ट बंद पडते आणि टेक्निशियन तपासून जाईपर्यंत चालू होत नाही. आपल्या बिल्डिंगमध्ये तिशी-चाळिशीतले म्हणजे बहुतेक आपणच, बाकी सगळे सत्तरीच्या पुढचे, त्यातले कितीतरी एकटे राहतात. टँकरपाशी रांग लावायला जपानी येत नसलं तरी चालतं, हात लागतात.

आणि एक कडू गोष्ट. ड्रिल ह्याच दिवसांत असते कारण १ सप्टेंबर १९२३ चा कांतो (टोकियो आणि आसपासचा भाग) भूकंप, लाखभर माणसं गेली त्यात. त्यानंतर अफवा उठली की कोरियन लोक विहिरीत विष टाकतायत, आणि जमावाने कोरियन माणसं शोधून शोधून मारली. आजचे शेजारी तसे आहेत असं मी मुळीच म्हणत नाहीये. पण लाइट गेलेले असताना हिनानजोत (आपत्तीतल्या निवाऱ्यात) शिरलो तर 'हा आमच्या आठव्या मजल्यावरचा' म्हणणारं कोणीतरी मला तिथे हवंय. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ ला एदोगावाच्या, म्हणजे आपल्याच वॉर्डाच्या, कौन्सिलवर निवडून आले ना, इथे मत फक्त जपानी नागरिकांना आहे, म्हणजे ती मतं कोणाची होती?
– काका, ८ वा मजला

---

काकांना अनुमोदन. ३ नंबर, जपानीची काळजी नको, माझ्यासोबत चल, लेकराला घेऊन ये, पोरांना अग्निशमनच्या गाडीत बसवतात. शेवटी अल्फामाइ (पाणी घालून होणारा सुका भात) वाटतात, गरम पाण्यात १५ मिनिटं, थंडात तासभर. व्हेजवाल्यांनी साधा पांढरा भात घ्यायचा, गोमोकूवालं (मिसळीच्या भाताचं) पाकीट वाचल्याशिवाय उघडू नका, चिकन नाहीतर माशाचा दाशी (रस्सा) निघतो. मागे मी जिचिकाईच्या आजोबांना म्हटलं की पांढऱ्याची पेटी वेगळी ठेवा, त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातच आला नव्हता, कसा येणार? बरोबर मेतकूट आणा, शेजारच्या आजींना जाम आवडलंय.

मला खरी भीती पुराची आहे. वॉर्डाची ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या खाली, २०१९ च्या हॅझर्ड मॅपवर (पुराच्या धोक्याच्या नकाशावर) वॉर्डाने स्वतःच छापलंय की इथे थांबू नका, पाणी एक-दोन आठवडे उतरणार नाही. जा कुठे, तर वॉर्डाबाहेर नातेवाइकांकडे. आपले नातेवाईक पुण्याला! म्हणून योकोहामा, साइतामावाल्यांनो, कोणाकडे किती जणांची सोय होईल ते मला कळवा, मी यादी करते. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी एखादी सीट शेजारच्या आजी-आजोबांसाठी धरा.

आणि १७१ वर (आपत्तीत घरच्यांसाठी निरोप ठेवायचा फोन नंबर) निरोप ठेवायची प्रॅक्टिस दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला करता येते, नवरोबांना पण करायला लावा.
– ताई

---

ताई, थँक्यू, येतेय मी. मखर शनिवारी रात्री उरकते.
– ३ नंबर

---

बरं बरं. सकाळी आठला जमणार नाही, दहाला येतो. पाण्याचे कॅन उचलायचे असतील तर उचलीन, भाषणं ऐकणार नाही. आणि आरतीचं मी त्या आजोबांना विचारणारच आहे, काका, तुम्ही दुभाषे.
– ५ नंबर