टोयोटा लॅबचं नायलॉन-माती कॉम्पोझिट: एक्सआरडीतलं पीक गेलं, पण एचडीटी का चढत नाही?

पॉलिमरवाला:
टोयोटा सेंट्रल आर अँड डी लॅब्जचं नायलॉन-6 आणि माँटमोरिलोनाइट या थरांच्या चिकणमातीचं काम (उसुकी, कोजिमा, ओकादा वगैरे, 1993) समोर ठेवून नमुने केले आहेत. शुद्ध केलेली सोडियम माँटमोरिलोनाइट 12-अमिनोडोडेकॅनॉइक आम्लाने प्रक्रिया करून घेतली, 5 टक्के माती नायलॉन-6 च्या चिप्समध्ये मिसळली आणि 245 अंशांवर ट्विन स्क्रूमधून (दोन स्क्रूंच्या वितळवून मिसळणाऱ्या यंत्रातून) काढली. एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन, थरांमधलं अंतर कळायला) 3 अंशांच्या कोनापासून घेतला. सुक्या मातीचं 5.2 अंशांचं पीक (आलेखातला उंचवटा) कॉम्पोझिटमध्ये दिसत नाही, म्हणजे थर उलगडले (सुटे होऊन नायलॉनमध्ये पसरले) असं धरलं. पण 1.8 मेगापास्कलवर एचडीटी (भाराखाली नमुना वाकायला लागतो ते तापमान) 86 अंशच येतो. निबंधात साधं नायलॉन 65 आणि कॉम्पोझिट 150 च्या आसपास आहे.

पीक गेलं तर आणखी काय हवं? आणि मूळ कृतीत नेमकी प्रमाणं किती होती?

थरथर:
तुमचा 86 हा आकडा त्याच निबंधाच्या तक्त्यात जवळपास सापडेल. टोयोटाने तुलनेसाठी जवळपास तेवढीच माती नायलॉनमध्ये नुसती मिसळून एक नमुना केला होता. त्याचा एचडीटी 89 आणि ताणबळ 61 मेगापास्कल. साध्या नायलॉनचं ताणबळ 69, उलगडलेल्या मातीचं 107. म्हणजे न उलगडलेली माती घातली तर नायलॉन उलट कमजोर होतं, एचडीटी मात्र थोडा चढतो. तुमचा नमुना याच गटातला दिसतो. ताणबळ मोजलंय का? 69 च्या खाली असेल तर शंका उरणार नाही.

आता पीक. कॉपरची क्ष-किरण नळी असेल तर 5.2 अंश म्हणजे 1.7 नॅनोमीटर अंतर. थरांत थोडं पॉलिमर शिरून अंतर 3.5 नॅनोमीटर झालं की पीक 2.5 अंशांवर सरकतं, आणि तुमचं स्कॅन 3 अंशांपासून सुरू होतं. ते तुमच्या खिडकीबाहेर आहे. शिवाय 5 टक्क्यांत थोडे वेडेवाकडे गठ्ठे उरले तरी पीक इतकं पसरट होतं की पार्श्वभूमीत बुडून जातं. स्कॅन निदान 1.5 अंशांपासून घ्या आणि टीईएम (पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) करा. 70-80 नॅनोमीटर जाडीचे काप, कमी आणि जास्त अशा दोन्ही मॅग्निफिकेशनवर. नुसतं जास्त मॅग्निफिकेशन लावलं की जिथे सुटे थर दिसतात तेवढाच फोटो निवडला जातो. निम्म्या थिसिसांत हेच चालतं.

काप्रो:
खरा फरक 'मिसळण्या'त आहे. मूळ कृतीत तयार नायलॉन नव्हतंच. मातीच्या थरांमध्ये वितळलेलं काप्रोलॅक्टम (ज्यापासून नायलॉन-6 बनतं तो सुटा रेणू) शिरवून साखळ्या आतच वाढवल्या. 12-अमिनोडोडेकॅनॉइक आम्ल निवडण्याचं कारणही हेच: त्याचं अमोनियम टोक ऋणभारित थराला धरून बसतं, आणि दुसऱ्या टोकाचा आम्लगट साखळी पुढे वाढवतो. थर आतून ढकलले जातात. तयार चिप्स वापरल्या की या आम्लगटाचा जवळजवळ काही उपयोग होत नाही.

प्रमाणं. मातीची धनायन विनिमय क्षमता (माती किती धनभारित आयन बदलून घेऊ शकते ते) 100 ग्रॅमला सुमारे 119 मिलिइक्विव्हॅलंट होती. टोयोटाच्या पेटंटमधलं उदाहरण: 100 ग्रॅम माती, 10 लिटर पाणी, 51.2 ग्रॅम 12-अमिनोडोडेकॅनॉइक आम्ल, 24 मिलि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. अमिनोआम्लाचं रेणुभार 215 आहे, म्हणजे हे क्षमतेच्या दुप्पट झालं. 10 ग्रॅम मातीसाठी सरळ दशांश घ्या: 1 लिटर, 5.12 ग्रॅम, 2.4 मिलि.

माती ढवळत्या पाण्यात चिमूट चिमूट सोडा आणि रात्रभर फुगू द्या. एकदम ओतली तर गोळे होतात आणि ते आतून कोरडेच राहतात. अमिनोआम्ल वेगळ्या भांड्यात, आम्ल घातलेल्या 80 अंशांच्या पाण्यात पूर्ण विरघळवा. ते साध्या पाण्यात विरघळत नाही, आणि आम्ल कमी पडलं तर झ्विटरआयन (धन आणि ऋण दोन्ही भार असलेला रेणू) उरतो, त्याचा विनिमय होत नाही. गरम द्रावण गरम मातीत घाला, लगेच दह्यासारखी गुठळी धरते. गाळा, आणि गरम पाण्याने गाळणीखालच्या पाण्याला सिल्व्हर नायट्रेटने पांढरेपणा येईनासा होईपर्यंत धुवा. फ्रीज ड्राय करा किंवा निर्वातात 60-70 अंशांवर वाळवा. साध्या ओव्हनमध्ये 110 ला ठेवली की विटेसारखी होते आणि दळूनही पूर्वीसारखी फुगत नाही.

पुढे: 5 ग्रॅम ही माती आणि 95 ग्रॅम काप्रोलॅक्टम, नायट्रोजनखाली 100 अंशांवर अर्धा तास ढवळा. काप्रोलॅक्टम 69 ला वितळतं. मिश्रण दाट, अर्धपारदर्शक व्हायला हवं. तळाशी पूड बसत असेल तर इथेच थांबा, पुढे काही सुधारत नाही. मग 250 अंश. पेटंटच्या त्या उदाहरणात 48 तास आहेत. 1993 च्या कृतीत 6-अमिनोकाप्रॉइक आम्ल घालून 6 तासांत काम होतं. पाणी निघतं, म्हणून भांडं बंद करू नका. शेवटी वस्तुमान ढवळणीवर चढतं, तेव्हा काचेची ढवळणी नको. थंड करून फोडा, उकळत्या पाण्यात उरलेलं काप्रोलॅक्टम काढा (ते सुमारे दहावा हिस्सा असतंच), 80 अंशांवर निर्वातात रात्रभर वाळवा.

मोलमास:
काप्रो यांनी धुण्यावर जोर दिलाय त्यामागे हिशेब आहे. थराला बांधलेलं अमाइन टोक पुढच्या संघननात भाग घेत नाही, म्हणजे कितीही तापवलं तरी साखळ्यांची संख्या बांधलेल्या टोकांपेक्षा कमी होणार नाही. प्रक्रिया केलेल्या एका ग्रॅम मातीत साधारण 0.97 मिलिमोल टोकं. 100 ग्रॅम मालात 5 ग्रॅम माती म्हणजे 4.8 मिलिमोल, सरासरी रेणुभाराची कमाल मर्यादा सुमारे 20 हजार. 10 ग्रॅम घातली तर 10 हजार, आणि असा नमुना साच्यातून काढतानाच तुटतो. न धुतलेलं जास्तीचं हायड्रोक्लोराइड हीच मर्यादा आणखी खाली ओढतं. 8-10 टक्क्यांवर एकदम ठिसूळपणा आला की लोक मातीला दोष देतात; आधी रेणुभार तपासा. द्रावणाची व्हिस्कॉसिटी घेताना माती सेंट्रिफ्यूज करून काढा.

टक्केवारीही एका भाषेत बोला. या मातीत पाचवा हिस्सा सेंद्रिय आहे, म्हणून 5 टक्के घातलेली माती राखेत 4 टक्क्यांच्या आसपासच भरते. निबंधात 150 च्या एचडीटीच्या कॉम्पोझिटला माती 4.2 टक्के दिली आहे, तो अजैविक आकडा आहे.

आणखी एक. त्यांच्या साध्या नायलॉनचा मॉड्युलस (ताठरपणा) 1.1 आणि कॉम्पोझिटचा 2.1 गिगापास्कल आहे. कोरड्या नायलॉन-6 चा साधारण 2.5 ते 3 असतो. तेव्हा नुसत्या आकड्याशी स्पर्धा नको, स्वतःच्या कोऱ्या नायलॉनशी गुणोत्तर काढा, आणि दोन्ही नमुने एकाच ओलाव्याला ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या पट्ट्या आणि डेसिकेटरमधल्या पट्ट्या यांची तुलना निरर्थक आहे.

पॉलिमरवाला:
ताणबळ 63 आलं. म्हणजे थरथर यांचं बरोबर. काप्रोलॅक्टमची सोय लगेच होणार नाही. ट्विन स्क्रूवरच राहायचं असेल तर? आणि कच्छची बेंटोनाइट (माँटमोरिलोनाइट असलेली कच्ची माती) चालेल का?

थरथर:
ट्विन स्क्रूवर नायलॉन-6 चांगलं उलगडतं, पण माती बदला. चतुर्थक अमोनियमच्या (नायट्रोजनला चार कार्बनगट जोडलेल्या) क्षाराने प्रक्रिया केलेली, दोन हायड्रॉक्सिएथिल गट असलेली बाजारात मिळते, ती घ्या. चिप्स आधी 80 अंशांवर निर्वातात वाळवून ओलावा 0.2 टक्क्यांच्या खाली आणा, माती बाजूच्या फीडरने वितळलेल्या नायलॉनमध्ये सोडा. स्क्रूचा वेग वाढवत नेला की काम होतं हा गैरसमज आहे. मध्यम कातरण आणि पुरेसा थांबावेळ जास्त उपयोगी. तापमान 240 च्या वर नेऊ नका. हे चतुर्थक क्षार 200 अंशांच्या आसपास तुटायला लागतात, माल पिवळा पडतो. नायलॉनचा रेणुभार जितका जास्त तितकं उलगडणं बरं, कारण दाट वितळ थरांवर जास्त ओढ देते.

काप्रो:
कच्छची चालते, तशीच्या तशी नाही. बहुतेक मालात क्वार्ट्झ असतो, कॅल्शियमही. सोडा ॲशने (सोडियम कार्बोनेटने) सोडियम रूपात आणा, 1-2 टक्के पाण्यात विखरून स्थिर ठेवा: 20 अंशांना 8 तासांत 2 मायक्रॉनपेक्षा मोठे कण वरच्या 10 सेंमीतून खाली बसतात. तेवढंच पाणी सायफनने काढा. क्षमता मेथिलिन ब्लूने स्वतः मोजा आणि अमिनोआम्ल त्यावरून ठरवा. 119 हा जपानी मातीचा आकडा आहे. लोहामुळे माल तांबूस होईल, ते जात नाही.

काचतंतू:
थोडं थंड पाणी. 30 टक्के काचतंतूच्या नायलॉन-6 चा एचडीटी 200 च्या वर आणि कोरडा मॉड्युलस 9 गिगापास्कलच्या आसपास असतो. माती तिथे पोचत नाही. टोयोटाने नायलॉन-मातीचा माल टायमिंग बेल्टच्या कव्हरला वापरला, कारण तिथे 30 टक्के काचेची गरजच नव्हती आणि घनता 1.36 ऐवजी 1.15 मिळत होती. पॉलिप्रॉपिलीनला तर मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन घातल्याशिवाय माती उलगडतच नाही, तेही टोयोटानेच दाखवलं. जनरल मोटर्सने 2002 च्या व्हॅनच्या पायरीला पॉलिओलेफिन-माती वापरली, तिथेही मुद्दा वजनाचाच. एचडीटी 150 हवा असेल तर हा खटाटोप करा. 200 हवा असेल तर काच घ्या.

पॉलिमरवाला:
उद्या स्कॅन 1.5 पासून लावतो, टीईएमसाठी काप पाठवतो. चतुर्थक माती आल्यावर आकडे इथेच टाकेन.