उत्तर: भिंती उघड्या आहेत तोवर (घरातलं नेटवर्क)

नमस्कार मंडळी,

आमच्या घराचं काम निघालंय. दोन मजले आणि तळघर. भिंती सध्या उघड्या आहेत, दहा दिवसांत बंद होतील. इंटरनेटची तार घराच्या एका टोकाला आत येते आणि राउटर तिथेच टेबलावर पडलाय. माझी कामाची खोली बरोब्बर विरुद्ध टोकाला, वर. मीटिंगमध्ये माझा चेहरा गोठतो, तोही नेमका तोंड अर्धवट उघडं असताना.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, आता सगळं वाय-फायवरच चालतं, तारा कशाला? दुकानात तीन डब्यांचा मेश संच (एकमेकांना हवेतून जोडलेले वाय-फायचे डबे) घ्या म्हणाले. कुणी हे केलं असेल तर सांगा ना.

– अ. पां.

---

> आता सगळं वाय-फायवरच चालतं, तारा कशाला?

ताई, चांगल्या वाय-फायच्या मागेही तारच असते. भिंतीत असल्यामुळे दिसत नाही, एवढंच. दहा दिवस हातात आहेत, तर सोडू नका.

जी वस्तू जागची हलत नाही तिला तार, हातात फिरते तिला वाय-फाय. टीव्ही, कामाचा कॉम्प्युटर, प्रिंटर, गेमचा डबा हे सगळे तारेवर न्या. वाय-फायच्या एका चॅनेलवर (लहरींच्या एका पट्ट्यावर) ढोबळमानाने एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे रांगेत. टीव्ही त्या रांगेतून उठला की फोनला आपोआप जागा होते.

खरेदीच्या आधी कागदावर घराचा नकाशा काढा. जाड भिंती, न्हाणीघर, मोठे आरसे, पाण्याची टाकी यांवर खुणा करा. आरशामागचा धातूचा मुलामा आणि भिंतीतलं चमकत्या फॉइलचं अस्तर लहरी परतवून लावतात. ५ गीगाहर्ट्झचं वाय-फाय भिंतींना जास्त भितं, ६ गीगाहर्ट्झ त्याहून. २.४ लांब जातं, पण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच (१, ६, ११) आणि शेजारीपाजारीही त्यातच. म्हणून कोपऱ्यात एक दांडगा राउटर ठेवण्यापेक्षा प्रत्येक मजल्यावर मधोमध, छताला एकेक साधा अॅक्सेस पॉइंट (तारेतून आलेलं नेट वाय-फायवर वाटणारा डबा) बरा. त्या जागी आत्ताच तार नेऊन ठेवा.

तार कॅट-६ (नेटवर्कच्या तारेची एक प्रत) घ्या, निखळ तांब्याची. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तातली मिळते, ती भिंतीत अजिबात घालू नका. तापते, वाकवली की तुटते. कॅट-६ वर १ गिगाबिट (सेकंदाला हजार मेगाबिटचा वेग) १०० मीटरपर्यंत जातं, १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत. घरात एवढं अंतर कुठे असतं? कामाच्या टेबलाशी आणि टीव्हीमागे दोन-दोन तारा, छताच्या जागी एकेक. जमेल तिथे नळी घालून आत दोरी सोडून ठेवा, पुढे काही ओढायचं झालं तर तीच कामाला येते. विजेच्या तारेला चिकटून समांतर नेऊ नका. ओलांडायचीच झाली तर काटकोनात.

सगळ्या तारा एकाच जागी उतरवा. तळघरातलं कपाट चालेल, पण हवा खेळती हवी आणि विजेचे दोन पॉइंट हवेत. तिथे पॅच पॅनेल (तारांची टोकं बसवायची पट्टी) आणि स्विच (सगळ्या तारा एकमेकींना जोडणारा डबा). स्विच पीओईवाला घेतलात तर छतावरच्या डब्याला वीज त्याच तारेतून जाते, वर वेगळा पॉइंट लागत नाही.

आणि भिंती बंद करण्याआधी प्रत्येकीचा फोटो काढा, मोजपट्टी भिंतीला लावून. पुढे खिळा ठोकताना माझी आठवण काढाल.

– वि. का.

---

काकांचं बहुतेक पटलं, पण थोडं भांडतो.

सगळ्यांच्या भिंती उघड्या नसतात. आम्ही भाड्याने राहतो, खिळा ठोकायचीही चोरी. मेश संच लावला आणि दोन डबे झक्क चालले. तिसरा मात्र दुसऱ्याकडूनच हवेतून घेऊन पुढे हवेतूनच देत होता. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि बोलायचं म्हटल्यावर वेग निम्म्यावर आला. शेवटी भिंतीत जुनी केबल टीव्हीची कोअॅक्स सापडली, दोन्ही टोकांना मोका अडॅप्टर (त्या तारेतून नेट नेणारे) लावले आणि तिसरा डबा तारेवर आला. विजेच्या सॉकेटमधून नेट नेणारे अडॅप्टरही वापरून पाहिले होते. वॉशिंग मशीन सुरू झालं की रडायचे.

दुसरं, कुणाच्या घरात आधीच कॅट-५ई (कॅट-६च्या आधीची तार) असेल तर उपटू नका. १ गिगाबिट तीही १०० मीटर नेते, आणि २०१६च्या मानकापासून २.५ गिगाबिटही त्याच तारेवर चालतं.

जाता जाता, आमच्या चिरंजीवांनी आवराआवर करताना एक मोकळी तार उचलून तिची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचली. छान दिसत होती. मिनिटभरात अख्खं घर ठप्प. एकच निरोप गोल गोल फिरत राहतो आणि वाढत जातो. सगळे दिवे एकत्र वेड्यासारखे लुकलुकत असतील तर आधी हेच बघा. मी दोन तास इंटरनेट कंपनीच्या फोनवर ताटकळलो.

– म. जो.

---

काका, दादा, दोघांचेही आभार. इलेक्ट्रिशियनला नकाशा दाखवला, कुरकुरला, पण ओढतोय. दोन प्रश्न.

जुना राउटर वरच्या मजल्यावर अॅक्सेस पॉइंट म्हणून चालेल का? वहिनी म्हणाल्या की त्यांनी लावला आणि प्रिंटर दिसेनासा झाला. आणि माझा फोन वर नेला तरी खालच्या वाय-फायलाच धरून बसतो, ते का?

– अ. पां.

---

चालेल, पण त्याच्या सेटिंगमध्ये "अॅक्सेस पॉइंट मोड" निवडा. तसाच लावला तर तोही स्वतःला घराचा मालक समजतो आणि वेगळे पत्ते वाटायला लागतो. वहिनींचा प्रिंटर एका राज्यात, लॅपटॉप दुसऱ्या राज्यात. पत्ते वाटणारा घरात एकच असावा.

फोनचं म्हणाल तर कुठल्या डब्याला धरायचं हे शेवटी फोन ठरवतो, डबा नाही. खालचा डबा पूर्ण ताकदीने ओरडत असेल तर फोनला वरही तो ऐकू येतो आणि सोडवत नाही. पण फोनचा आवाज मुळात बारीक, तो खाली पोचत नाही. म्हणून डब्यांची ताकद कमी करा. उलटं वाटेल, पण करून बघा. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा.

– वि. का.

---

मंडळी, भिंती बंद झाल्या, रंगही झाला. वाय-फाय तळघरापासून वरपर्यंत मिळतंय. पण माझ्या टेबलाच्या सॉकेटवर वेग ९४ मेगाबिटच्या वर जातच नाही. टीव्हीच्या तारेवर तोच लॅपटॉप ९३० देतो. भिंत पुन्हा फोडायची??

– अ. पां.

---

फोडू नका! ९४ म्हणजे जोडणी १०० मेगाबिटवर उतरलीय. तारेत चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार नीट बसलेली नसणार. सॉकेट उघडा आणि आतल्या आठही तारा दाबून बघा. दोन्ही टोकांचा रंगक्रम एकच आहे ना, तेही पाहा. रंगक्रमाचे ए आणि बी असे दोन ठरलेले प्रकार आहेत, एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी असं नको.

– वि. का.

---

निळी! बाकी सात खाचेत घट्ट, निळी नुसती वर टेकलेली. पंचिंगच्या हत्याराने दाबली, टक् आवाज आला, ९३८.

आता शेवटचं. तळघरात एकसारख्या पांढऱ्या चौदा तारा आहेत आणि इलेक्ट्रिशियनने एकीवरही चिठ्ठी लावलेली नाही. यावर काही युक्ती?

– अ. पां.

---

एकाने लॅपटॉप घेऊन खोल्याखोल्यांतून सॉकेटला लावत फिरायचं, एकाने खाली स्विचचे दिवे बघत बसायचं. दिवा लागला की चिठ्ठी. तळघराचं दार उघडं ठेवा, ओरडावं लागतं.

– म. जो.